नानांची ज्वारी आणि खालच्या मजल्यावरचा खोकला

ताई, नमस्कार.

आम्ही डोंबिवलीत एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, नववीतली मुलगी आणि माझे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. वय 78. चिपळूणजवळच्या आमच्या गावात ते जन्मभर पोस्टमन होते. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि आम्ही नानांना इकडे घेऊन आलो. स्वभावाने अगदी गरीब, खाण्यापिण्याची कसली कटकट नाही. एकच गोष्ट आहे. रोज सकाळी सहाला उठून ते खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरांना ज्वारी घालतात. आधी मूठभर घालायचे, आता आठवड्याला तीन किलो लागते. पेन्शनमधून स्वतः आणतात. त्यात एक लंगडं कबुतर आहे, त्याला "काय रे, आज उशीर?" असं विचारतात.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे. त्यांच्या दांडीवरचे कपडे, खिडकीवरचा सज्जा, एसीचा बाहेरचा डबा, सगळ्यावर घाण पडते. आधी त्यांनी तोंडी सांगितलं. मग त्यांच्या मुलाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले, वर "तिसऱ्या मजल्यावरच्या पुण्यवान मंडळींना साष्टांग नमस्कार." आता कमिटीची नोटीस आली आहे. नानांशी बोलले तर म्हणाले, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये." दोन दिवस नीट जेवले नाहीत. हे म्हणतात, गणपतीला नाना गावी गेले की गुपचूप जाळी बसवून टाकू. मला सव्वासातची लोकल पकडायची असते, लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मी मोबाइलमध्ये डोकं घालते. आधी कोणाला सांभाळू, घरच्यांना की शेजाऱ्यांना?

— कात्रीत सापडलेली सून

*

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या लंगड्या कबुतरापाशी थांबले. नाना त्याला उशिराबद्दल विचारतात. जो माणूस चाळीसेक वर्षं वाडीवाडीतून टपाल वाटत फिरला, ज्याला रस्त्याने येताना बघून लोक ओटीवरून हाक मारायचे, "नाना, आज काही आहे का हो आमचं?", त्याची आता डोंबिवलीत सकाळी सहा वाजता वाट कोण बघतं? तुम्ही डब्याच्या घाईत, यजमान आंघोळीला, मुलगी अंथरुणात. वाट बघतात ती कबुतरं. म्हणून ज्वारी बंद करणं हा तुमच्या प्रश्नाचा सोपा भाग आहे, आणि तो करायचाच आहे, त्यात सवलत नाही. अवघड आहे ती त्यानंतरची सहा ते आठ ही वेळ.

आधी कोणाला सांभाळू, हे तुम्ही विचारलंत. आधी काकूंना. दम्याचा माणूस थांबू शकत नाही, नाना थोडं थांबू शकतात.

कबुतरांच्या विष्ठेची सुकून धूळ होते, त्यात पिसांचा कोंडा मिसळतो, आणि ती श्वासातून आत जाते. दमा असलेल्याला त्याने धाप वाढते हे कोणीही सांगेल. पण ज्यांना दमा नाही अशांपैकीही काहींच्या फुप्फुसांना रोजच्या संपर्काने अ‍ॅलर्जीची सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण होतो त्याला कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागणं असं सुरू होतं, माणूस ते वयावर ढकलतो, आणि दुखणं जुनं झालं तर फुप्फुसं कडक होत जातात. ती पुन्हा पूर्ववत होत नाहीत. आता सांगा, त्या खिडकीच्या सगळ्यात जवळ रोज तोंड नेऊन उभा कोण राहतो? काकू एक मजला खाली आहेत. नाना हातभर अंतरावर आहेत.

हे त्यांना तुम्ही सांगू नका. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आधी फोन करून कल्पना द्या, मग बीपी तपासायचं निमित्त काढून नानांना घेऊन जा आणि डॉक्टरांकडून वदवून घ्या. आपल्याकडे सुनेचं बोलणं कितीही मऊ असलं तरी सासऱ्याच्या कानापर्यंत जाता जाता त्याचा टोमणा होतो. दोष तुमचा नाही, त्यांचाही नाही, नात्याची जागाच तशी अडचणीची.

आणि तुमचे यजमान? पत्रात ते एकदाच येतात, तेही गुपचूप जाळी बसवायला. वडील त्यांचे आहेत. बोलायचं त्यांनी. जाळीचा बेत मला साफ नामंजूर आहे. कल्पना करा, गौरी-गणपती करून, शिदोरीची करंजी पिशवीत घेऊन म्हातारा माणूस घरी येतो आणि आपल्या खोलीच्या खिडकीला जाळी बघतो. त्या जाळीचा अर्थ त्यांना एकच कळेल, की हे घर आपलं नाही. मग ते भांडणार नाहीत, कारण ते गरीब स्वभावाचे आहेत. नुसते गप्प होतील, आणि ते तुम्हाला फार महाग पडेल.

तर असं करा. येत्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मुलाने वडिलांजवळ बसावं. टीव्ही बंद. सोसायटीची नोटीस बाहेर काढू नये. "लोक काय म्हणतात" हा विषयही नको, नानांना तो अपमान वाटेल. काकूंचा विषय काढावा. "नाना, खालच्या काकूंना रात्री झोपता येत नाही. आपल्या दाण्यांमुळे त्यांना धाप लागते. हे आपल्याला थांबवायला हवं. कधीपासून थांबवायचं ते तुम्ही सांगा." थांबवायचं की नाही हे विचारायचं नाही, कधी हे विचारायचं, आणि ते कधी आठवड्याच्या आतलं. शेवटची मूठ नानांनी स्वतःच्या हाताने घालावी. आपली तारीख आपण ठरवली एवढा मान माणसाला पुष्कळ असतो.

ते मुक्या जिवाचं म्हणतील. त्यांचं चूकही नाही, ज्या घरात जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात, गाईला गोग्रास आणि कावळ्याला घास काढून ठेवतात, तिथे ते वाढले. पण गावचं परसू वेगळं आणि ग्रिल वेगळं. गावात चार दाणे टाकले तर चिमण्या, साळुंक्या, कोंबड्या, कोण कोण येऊन टिपून जातं, आणि खाली माती असते. इथे तीन किलो ज्वारी एकाच जातीच्या पक्ष्याला जाते, आणि खाली काकूंची दांडी असते. आयतं मिळत राहिलं की कबुतरं वर्षभर अंडी घालतात, उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात. आणि दाणा बंद झाल्याने कबुतर उपाशी मरत नाही. ते काही किलोमीटर उडून पोट भरणारं पाखरू आहे. आठवडा-दोन आठवडे ग्रिलवर येऊन घुटर्घूं करेल, मग दुसरीकडे वळेल.

नाना दादरच्या कबुतरखान्याचा दाखला देतील, बहुतेक सगळे देतात. तर 2025 च्या ऑगस्टमध्ये कोर्टाच्या आदेशांनंतर तोसुद्धा महापालिकेने ताडपत्रीने झाकला होता, आणि त्यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात श्रद्धेचा भाग मोठा आहे, मी तिकडे जात नाही. तुम्हीही घरात जाऊ नका. दादरचा निकाल तुमच्या जेवणाच्या टेबलावर लागणार नाही.

ते दोन आठवडे मात्र कठीण. कबुतरं येऊन बसणार, लंगडंही येणार, आणि नाना आतून बघणार. मी नानांच्या जागी असते तर मला ते सोसलं नसतं, मी चोरून मूठभर टाकली असती. म्हणून शेवटची मूठ घातली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नानांना गावी जाऊ द्या. गणपतीची वाट बघू नका. आता तिकडे लावणी चालू असेल, बंद घर एकदा पावसात उघडून बघायलाच हवं, कुठलं कौल सरकलंय, भिंतीला ओल कुठे आलीय. भावकीत जेवणाची सोय लावा, मुलाने सोबत जाऊन दोन दिवस राहून परत यावं. एसटीत 75 वर्षांपुढच्यांना 2022 च्या ऑगस्टपासून राज्यभर मोफत प्रवास आहे, आधार कार्ड जवळ असलं की झालं. तुमच्या यजमानांना मात्र तिकीट पडेल. नानांना या गोष्टीची गंमत वाटेल असा माझा अंदाज आहे.

पण जाण्याआधी एक काम त्यांच्या देखतच करा. ग्रिलचे कोपरे, कुंड्यांच्या मागे, एसीच्या डब्याखाली नीट बघा. चार काड्यांचं घरटं आणि त्यात दोन अंडी असण्याची शक्यता दाट आहे. असली तर जाळीवाल्याला आत्ता बोलावू नका. अंडी उबायला साधारण 18 दिवस लागतात, पिल्लू उडायला पुढे महिना. म्हणजे गणपतीच्या सुमाराला मोकळं होईल. दाणा बंद ठेवला तरी आईबाप बाहेर चरून येतात आणि पिल्लांना स्वतःच्या गळ्यातून भरवतात, पिल्लं उपाशी राहत नाहीत. हे नानांना दाखवा. "तोंडचा घास काढला" हे शल्य त्याने बरंच बोथट होईल. अंडी नसली तर जाळी लगेच, नानांसमोर, नानांना विचारून. बसवताना आत एखादं पाखरू अडकलं नाही ना, हे बघायचं काम त्यांच्याकडेच द्या. त्यांच्याइतकं बारकाईने ते कोणी बघणार नाही. बाहेरून हुक मारायचे असतील तर सेक्रेटरींना दोन ओळी लिहून कळवा, नाहीतर कबुतरांची नोटीस मिटायच्या आत जाळीची यायची.

आता खालचा मजला.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी नऊवारी न पिळता कठड्यावर टाकायच्या आणि पाणी थेट आमच्या गॅलरीतल्या पापडांवर. माझी आई मान वर करून ओरडायची, "अहो, पाणी पडतंय!" वरून आवाज यायचा, "घेते हो!" आणि साडी आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही काही आदर्श व्यवस्था नव्हती, आईने त्या मावशींना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते देव जाणे. पण ते दोघींच्यात राहायचं. साठ-सत्तर बिऱ्हाडांनी आपापल्या अंथरुणात पडून त्यावर अंगठे दाखवलेले नसायचे.

त्या ग्रुपवर तुम्ही काही लिहू नका. खुलासा नको, दिलगिरी नको, हात जोडल्याचं चित्र तर मुळीच नको. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, दोघांनी मिळून खाली जा. मिठाईचा डबा नेऊ नका. बादली, ब्रश, जुनी फडकी, हातमोजे आणि मास्क घेऊन जा. "काकू, आमच्यामुळे त्रास झाला. दाणे बंद होताहेत, अमुक तारखेपासून. आज तुमचा सज्जा आम्ही साफ करून देतो," एवढंच बोला आणि कामाला लागा. नानांना यात ओढू नका, त्यांच्या वतीने माफीही मागू नका. "आमच्यामुळे" हा शब्द पुरेसा आहे.

साफ करायची रीत नीट लक्षात ठेवा, इथे चूक झाली तर मदत करायला जाऊन काकूंना दवाखान्यात पाठवाल. सुकलेली विष्ठा कोरडी झाडायची किंवा खरवडायची नाही. आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजवायची, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायची, मग ओल्या ओल्या पुसून पिशवीत भरायची आणि पिशवीचं तोंड बांधायचं. त्या वेळी काकूंनी पुढच्या खोलीत बसावं, त्या बाजूची खिडकी बंद. सज्जावर ओणवं व्हावं लागत असेल तर ते काम माणूस बोलावून करून घ्या, पैसे तुम्ही द्या. तुमच्या स्वतःच्या ग्रिलला हाच नियम. आजवर तुमच्याकडची बाई ते झाडत असेल तर तिच्याही नाकातोंडात तीच धूळ गेली आहे, हे लक्षात घ्या आणि तिला मास्क द्या.

काकूंच्या खिडकीला जाळी लागणार असेल तर तिचा खर्च कोणाचा? कायद्याच्या नजरेने कोणाचाही असो, द्यायची तयारी तुम्ही दाखवा. काकूंचा मुलगा बहुधा अर्धा देतो म्हणेल. टोमणे मारणारी माणसं समोरासमोर आली की बऱ्याचदा अशीच निघतात. नाही म्हणाला तर पूर्ण द्या आणि विसरा.

नोटिशीला मात्र लेखी उत्तर द्या, चार ओळींचं. अमुक तारखेपासून दाणे घालणं बंद, सफाई अमुक दिवशी केली, जाळी अमुक सुमारास. एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. कोणी दंडाचं बोललं तर घाबरू नका, पण बेफिकीरही राहू नका. दंड ही सेक्रेटरींच्या मनावरची गोष्ट नाही, तो सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो. दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक उपद्रव हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि महापालिकेचा वेगळा नियम असू शकतो. वॉर्ड ऑफिसात एकदा विचारून घ्या. तुमचं प्रकरण तिथवर जाण्यासारखं नाही, बादली घेऊन खाली गेलात तर नक्कीच नाही.

राहता राहिली सहा ते आठची वेळ. इथे लोक ठरावीक सल्ले देतात: नानांना बागेत पाठवा, हास्यक्लबात घाला, नामस्मरण करू दे. ज्येष्ठ नागरिक संघ चांगलेच असतात, आणि तुमच्या भागात असेल तर नानांना एकदा घेऊन जरूर जा, पण एकदा नेऊन न रमले तर मागे लागू नका. अनोळखी माणसांत मुद्दाम हसायला सगळ्यांनाच जमत नाही. मला नाही जमत.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. तुमच्या सोसायटीत मेंटेनन्सची बिलं, सभेच्या नोटिसा, गेटवर येऊन पडलेली विजेची बिलं, हे सगळं घरोघरी कोण पोचवतं? बहुतेक ठिकाणी वॉचमन दारात सरकवतो, निम्मी बिलं जिन्यात तुडवली जातात, आणि मग "आम्हाला बिल मिळालंच नाही" म्हणून व्याजावरून भांडणं होतात. तुमच्याकडे तर घरात पोस्टमन आहे. गावावरून आल्यावर, सज्जा स्वच्छ असताना, जाळी लागलेली असताना, यजमानांनी सेक्रेटरींना भेटून एवढंच विचारावं: महिन्याची बिलं नानांनी वाटली तर चालेल का? लिफ्ट आहे, घाई नाही, दोन-तीन दिवसांत वाटून होतील. पत्ता वाचून हातात कागद देणं हे त्यांच्या हाडात मुरलेलं काम आहे. पहिल्या महिन्यात लोक दारातून हात बाहेर काढून बिल घेतील. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी "नाना, पाणी घेता का?" म्हणेल. दुसऱ्या मजल्याचं बिल त्यांनीच द्यायचं की नाही, ते त्यांच्यावर सोडा.

हे आधी करू नका, क्रम महत्त्वाचा. दाणे चालू असताना बिलं वाटायला गेले तर लोक त्यांना दारातच सुनावतील.

रोजच्या सकाळसाठी एक छोटं काम घरातलं हवं. दुधाची पिशवी आणणं, तुमच्या डब्याची भाजी निवडणं, काहीही, पण ते झाल्याशिवाय घराचं अडायला हवं. उगाच दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येतं. आणि तुमच्या मुलीला सांगा, शाळेला निघताना रोज आजोबांना एक प्रश्न विचारून जा, गावच्या एखाद्या घराबद्दल, माणसाबद्दल, कोणत्या वाडीला कुठली वाट जाते त्याबद्दल. नववीतली मुलगी डोळे फिरवेल. फिरवू दे. चार दिवसांत तिला खरंच काहीतरी विचारावंसं वाटेल, पोस्टमनकडे गावभरची गुपितं असतात.

कुंड्या लावायचा विचार मनात आला असेल तर जरूर लावा, तुळस, गवती चहा, ओवा. फक्त प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवा, नाहीतर कबुतरं गेली आणि चिखलाचं पाणी आलं, असं काकूंना व्हायचं.

लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालणं सोमवारपासून बंद करा. सव्वासातची लोकल पकडणारी बाई आधीच वाकून चालते, मान तरी वर असू दे.

आणि घरात उरलेली ज्वारी टाकू नका, दळून आणा. पक्ष्यांसाठी म्हणून घेतलेली असते तेव्हा दुकानदार हलकी, किडकी माथी मारतात, तेव्हा गिरणीत द्यायच्या आधी परातीत पसरून नीट निवडून घ्या. ते काम नानांना सांगा. बसल्या बसल्या होईल.